विमानाभोवतीचा वायुप्रवाह आणि हिमस्फटिकांचे मापन

ढगांतील हिमस्फटिकांची संख्या, आकार आणि आकारमान मोजण्यासाठी विमानाच्या पंखाखाली किंवा धडावर प्रकाशीय उपकरणे बसवली जातात. मात्र विमान स्वतःच भोवतालच्या हवेचा प्रवाह बदलत असल्याने उपकरणापुढे येणारे स्फटिक मूळ ढगातील स्थितीत राहतातच असे नाही.

वायुप्रवाहाचा परिणाम

विमानाच्या धडाजवळ हवा वळसा घेऊन पुढे जाते. अतिसूक्ष्म कण हवेबरोबर वळतात, तर मोठे कण जडत्वामुळे जवळजवळ सरळ रेषेत जातात. सुमारे १०० मायक्रोमीटर आकाराचे कण अर्धवट वळतात. त्यामुळे धडालगत जवळपास कणरहित असा 'छायाप्रदेश' तयार होतो आणि त्याच्या बाहेरच्या कडेला कणांची दाटी होते. डब्ल्यू. डी. किंग यांनी १९८४ मध्ये याचे सैद्धांतिक विश्लेषण केले. प्रवाहामुळे स्फटिकांची दिशाही बदलू शकते.

कणांची घनता काढताना मोजलेल्या कणांची संख्या नमुन्याच्या आकारमानाने भागतात आणि हे आकारमान हवेच्या वेगावर अवलंबून असते. पंखाखाली हवा मंदावलेली असताना विमानाचा वेग तसाच वापरला, तर आकारमान जास्त आणि घनता कमी येते. कणांच्या सावल्या ओळीओळीने टिपणाऱ्या उपकरणांत प्रतिमाही ताणल्या जातात.

स्फटिकांचे विखंडन

सर्वांत गंभीर त्रुटी उपकरणाच्या टोकांमुळे येते. सेकंदाला १०० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानाच्या उपकरणावर मोठा स्फटिक आदळला की त्याचे अनेक तुकडे होतात आणि त्यांतील काही मापनक्षेत्रात शिरतात. यंत्र त्यांना ढगातील सूक्ष्म स्फटिक समजते! सिरस ढगांत सूक्ष्म हिमकण विपुल असल्याच्या जुन्या नोंदी यामुळे संशयास्पद ठरल्या. सिरस ढग किती सूर्यप्रकाश परावर्तित करतात हे याच कणांवर बरेचसे अवलंबून असल्याने प्रश्न हवामानबदलाच्या प्रतिमानांपर्यंत पोहोचतो.

कॅनडात २००९ मध्ये नेहमीची व सुधारित टोके असलेली उपकरणे एकाच विमानावर शेजारीशेजारी बसवून त्यांची तुलना करण्यात आली. अलेक्सी कोरोलेव्ह व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तुकड्यांचा परिणाम मुख्यतः ५०० मायक्रोमीटरपेक्षा लहान आकारांत दिसतो. सुधारित टोके तुकड्यांना मापनक्षेत्रापासून दूर फेकतात. दुसरा उपाय गणिती आहे. तुकडे एकामागोमाग फार कमी अंतराने येतात. ते एक सेंटिमीटर अंतरावर असतील, तर वरील वेगाला सेकंदाचा दहा हजारावा भागच मध्ये जातो, म्हणून असे कण गाळले जातात. परंतु जुन्या टोकांनी गोळा केलेल्या नोंदी केवळ या गाळणीने पूर्णपणे शुद्ध होत नाहीत.