नोंद झाली, अंमल झाला का?

जांबोटीत आमच्या मंडळाच्या हातून एक चूक घडली, ती लिहून ठेवावी म्हणून हा लेख.

आषाढ होता. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको, मलप्रभा उगम पावते तीच ही बाजू. एका घरातल्या मोडी कागदांचे फोटो काढून संध्याकाळी आम्ही ते कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉम्प्युटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर उतरवत होतो. पडद्यावर कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं. दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी लगेच कार्ड पुसून टाकलं, आणि करंट गेला. सकाळी डिस्क उघडली तर 43 फायलींची नावं जागच्या जागी, पण 26 फायलींचा आकार शून्य! पावसाळा सरल्यावर परत गेलो, तोवर माळ्यावरचा गठ्ठा भिजून त्याचा लगदा झाला होता. त्यात एक वाटणीपत्र होतं. मी ते नुसतं वरवर चाळलेलं.

आम्ही डिस्कला दोष देत बसलो. खरं म्हणजे डिस्कपर्यंत ते पोचलंच नव्हतं. कॉम्प्युटर फाईल आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. डिस्कवर सवडीने लिहितो. डिस्कचीही स्वतःची छोटी स्मृती असते, तिथे पुन्हा तोच प्रकार. ही स्मृती विजेवर जगते. ‘आत्ताच्या आत्ता खाली लिही आणि मगच सांग’ असा हुकूम देण्याची सोय आहे, युनिक्समध्ये तिला एफसिंक म्हणतात. तिच्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. 2018 साली पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की लिनक्सवर हा हुकूम एकदा फसला आणि पुन्हा दिला, तर दुसऱ्या वेळी ‘झालं’ असं उत्तर येऊ शकतं, आणि मधला मजकूर मात्र गेलेला असतो. चावडीवरच्या कामाचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

चावडीचं नाव निघालंच आहे, तर आपल्याकडची जुनी रीत बघा. मुंबई इलाख्याच्या पद्धतीत जमिनीचा हक्क बदलला की तलाठी थेट सातबारावर खाडाखोड करत नसे. आधी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत क्रमांक घालून नोंद. मग संबंधितांना नोटीस, वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी, आणि त्यानंतर सातबारावर अंमल. मधेच काम अडलं तरी कुठवर आलं होतं ते वहीतून कळे. आजचे डेटाबेस नेमकं हेच करतात: बदल आधी एका रोजनाम्यात पक्का लिहायचा, मूळ तक्त्याला मग हात लावायचा. आमची डिस्क एक्सफॅट पद्धतीची होती. त्या पद्धतीत असला रोजनामाच नसतो.

1 नोव्हेंबर 1956 ला खानापूर तालुका म्हैसूर राज्यात गेला. पुढे सातबाराच्या जागी आर.टी.सी. आला, आम्ही अजून ‘उतारा’च म्हणतो. 2000 सालाच्या आगेमागे कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेत सुमारे दोन कोटी उतारे कॉम्प्युटरवर चढवले. हाताने लिहिलेला उतारा बंद झाला, 15 रुपयांत छापील मिळू लागला, आणि नोंदी करणाऱ्या अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊन आत शिरावं लागे. कोणी बदल केला हे त्यातून कळतं. पण तो बदल करंट गेल्यावरही टिकला का, हा प्रश्न निराळा, आणि उताऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नाही.

आमच्याच तालुक्यात, हलशीला, कदंबांचे ताम्रपट सापडले. फ्लीटने ते वाचून एकोणिसाव्या शतकात छापले. त्यातला काकुस्थवर्म्याचा पट पाचव्या शतकातला, श्रुतकीर्ती या सेनापतीला दिलेल्या जमिनीचा. म्हणजे तोही एका परीने उताराच की! अशा पटांची घडण बघण्यासारखी असते. पत्रे कडीत ओवून कडीवर मुद्रा ठोकायची, म्हणजे मुद्रा मोडल्याशिवाय मधला पत्रा काढता येत नाही की नवा घालता येत नाही. पहिल्या-शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी, घासली तरी अक्षराला धक्का नाही.

आता आम्ही मुद्रेचं काम चेकसमकडून करून घेतो. फाईलमधल्या मजकुरावरून हिशेबाने काढलेला हा आकडा. एक अक्षर बदललं तरी तो वेगळा येतो. कार्डावर असतानाच तो काढून वहीत लिहितो, हो, कागदाच्याच वहीत. उतरवल्यावर डिस्क रीतसर सोडवून घेतो, उपसून पुन्हा जोडतो आणि आकडा ताडून बघतो. नुसती फाईल उघडून बघण्यात अर्थ नाही, कारण ती तात्पुरत्या स्मृतीतूनही उघडते. आम्ही त्यातही एकदा फसलो. दोन डिस्का, एक खानापूरला, एक बेळगावात. दोन्हींचे आकडे जुळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

उरलेल्या 17 फोटोंपैकी 11 वाचून झालेत. वाटणीपत्राचं पहिलं पान त्यात आहे. हिस्से ज्यात लिहिले होते ते दुसरं पान गेलं.