व्होल्टेज उतरवण्याची किंमत : डीसी विजेचा पराभव आणि पुनरागमन

१/
४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या पर्ल स्ट्रीट वीजकेंद्रातून दिवे उजळले. वीज डीसी, व्होल्टेज सुमारे ११०. एवढ्या कमी व्होल्टेजला प्रवाह मोठा लागतो. त्यामुळे मैलभर अंतरातच बरीच ऊर्जा तारा तापवण्यात खर्ची पडे.

२/
उपाय उघड होता : दूर नेताना व्होल्टेज चढवावे, घराशी उतरवावे. १८८६ मध्ये विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन येथे रोहित्रांच्या साहाय्याने ते करून दाखवले. पण एसी विजेवर. रोहित्राला सतत बदलणारा प्रवाह हवा; डीसीचा प्रवाह स्थिर. येथेच डीसी हरली.

३/
तरी ती संपली नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीचीच. अशा गाड्या सुटताना मोटारींना पूर्ण व्होल्टेज सोसत नसे; म्हणून मध्ये रोध जोडत आणि वेग वाढेल तसे ते वगळत. तोवर जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जाई.

४/
इलेक्ट्रॉनिक्समध्येही हीच रीत होती. १२ व्होल्टचे ५ करायचे, तर उरलेले ७ व्होल्ट नियंत्रक घटकाने सोसायचे. म्हणजे सुमारे ५८ टक्के ऊर्जा जाळायची!

५/
मग विचारच पालटला : वीज अडवू नये, वेगाने तोडावी-जोडावी. पूर्ण बंद स्विचमधून प्रवाह नाही, पूर्ण चालू स्विचवर व्होल्टेज जवळजवळ नाही. म्हणून दोन्ही स्थितींत उष्णता अत्यल्प. स्विच चालू असताना वेटोळे चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवते, बंद होताच डायोडच्या वाटेने ती परत देते. कपॅसिटर चढउतार सपाट करतो. स्विच ५/१२ वेळ चालू ठेवला, की १२ चे ५ व्होल्ट.

६/
भार वाढला, पुरवठा घसरला तर? मंडल बाहेरचे व्होल्टेज एका स्थिर संदर्भ व्होल्टेजशी ताडते. कमी भरले तर चालू राहण्याचा काळ वाढवते, जास्त भरले तर घटवते; सेकंदाला हजारो वेळा. दुरुस्ती उतावीळ झाली, तर व्होल्टेज हेलकावे खाते. १९७६ मध्ये कॅलटेकच्या मिडलब्रूक आणि चुक यांनी या वर्तनाचे गणित मांडले. त्याच वर्षी बॉब मॅमानो यांच्या एसजी१५२४ या चिपने हे नियंत्रण एका तुकड्यावर आणले.

७/
आज फोनमधील सुमारे ३.७ व्होल्टची बॅटरी प्रोसेसरला एक व्होल्टच्या आसपास पुरवते, ती याच युक्तीने. डीसी बदलत नाही, ही एडिसनची अडचण होती. स्विचने तिला बदलायला लावले.