जुनी लक्झरी गाडी घेताय? टोकन देण्याआधी हे तपासा

नागपूर : आठ-दहा वर्षं जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते, म्हणून काटोल-सावनेरकडची मंडळीही ती पाहू लागली आहेत. पण गाडीची किंमत उतरली तरी पार्टचा भाव उतरत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

कोणती घ्यावी? गावाकडे वापरायची तर पेट्रोल कोरोला आल्टिस बरी. इंजिन साधं, दुरुस्ती सोपी. स्कोडा ऑक्टाव्हिया दमदार, पण सात गिअरची डीएसजी असेल आणि हळू चालवताना झटके देत असेल तर सोडून द्या. जुन्या बीएमडब्ल्यू ३२०डीमध्ये टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला असते. तिकडून खडखड आली तर खर्च मोठा.

गाडी कशी पाहावी? इंजिन थंड असताना स्वतः चालू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. एसी भर दुपारी अर्धा तास चालवा, टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात पूर आला होता, तेव्हा सीटबेल्ट पूर्ण ओढून आणि कार्पेट उचलून चिखल, गंज बघा.

कागदपत्रं : एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून विमा, कर्ज तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, इथला रोड टॅक्सही भरावा लागतो.

आरसी नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.