टेकूवर उभ्या चाळी

गिरगाव, लालबाग, भायखळा, डोंगरी. मुंबईच्या या भागांतून पावसाळ्याच्या तोंडावर एक फेरी मारा. एक दृश्य हमखास दिसेल. जुन्या इमारतीच्या गॅलरीखाली लाकडी बल्ल्या उभ्या केलेल्या असतात. खाली फळीचा तुकडा, वर फळीचा तुकडा आणि मध्ये ताठ उभा वासा. याला म्हणतात टेकू. टेकू हा खरं तर पाहुणा. दुरुस्ती पुरी होईपर्यंत भार पेलायचा आणि काम झालं की निघून जायचं. पण मुंबईत कित्येक टेकू पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन बसले. त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली, गणपतीत त्यांनाच तोरण लागलं.

हे टेकू एवढे दिवस का राहिले, हा आजचा विषय आहे. जुनी इमारत वयामुळे पडते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. सांभाळलेली इमारत शंभर-सव्वाशे वर्षं सहज उभी राहते. इमारतीला खाली आणतात त्या वेळेवर न झालेल्या लहान लहान दुरुस्त्या. आणि त्या का झाल्या नाहीत, हे शोधायला गेलं, तर गवंड्यापेक्षा कायद्याची पुस्तकंच आपल्याला जास्त सांगतात.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांकडे सरकारचं लक्ष गेलं आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. नवे रस्ते आखले गेले, जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. दुसरीकडे गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांच्यामुळे माणसांचा ओघ सुरूच होता. या माणसांसाठी खाजगी मालकांनी धडाक्याने चाळी बांधल्या. चाळ बांधणं ही त्या काळी चांगली गुंतवणूक होती, कारण भाडं नियमित येत असे.

या चाळींचं बांधकाम मजबूत होतं. सागवानी खांब आणि तुळया, त्यांच्यामध्ये चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. काही ठिकाणी लोखंडी तुळयांवर लाद्या बसवून वर कोबा केलेला असे. मात्र या सगळ्याला एकच शत्रू होता, तो म्हणजे पाणी. फुटलेलं कौल, तुंबलेलं पन्हाळं, गळका नळ, चाळीच्या टोकाला असलेल्या संडासांची आणि प्रत्येक खोलीतल्या मोरीची ओल. लाकडाचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे ही ओल साचली की ते आतून कुजतं, बाहेरून काही कळत नाही. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतीचं बांधकाम फोडतं. भिंतीच्या फटीत पक्ष्यांनी टाकलेल्या बीतून पिंपळ उगवतो. वेळीच उपटला तर पाच मिनिटांचं काम, राहिला तर त्याची मुळं भिंत उकलून टाकतात. थोडक्यात, या घरांना दरवर्षी थोडा थोडा खर्च लागत होता. तो थांबला की दुखणं सुरू.

आता तो थांबला कसा, ते पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकाम मंदावलं, गर्दी वाढली आणि मालकांनी भाडी भरमसाट वाढवली. म्हणून १९१८ साली भाड्यावर नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच घडलं, आणि १९४७ साली मुंबईचा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, तेच या कायद्याने प्रमाण भाडं म्हणून धरलं. भाडेकरूला मनमानी पद्धतीने घराबाहेर काढता येणार नाही, असं संरक्षणही दिलं. त्या काळात हे संरक्षण अगदी आवश्यक होतं. ते नसतं, तर गिरणीकामगार आणि कारकून मुंबईत राहूच शकले नसते. कायदा ठरावीक मुदतीपुरता होता. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि तात्पुरता कायदा अर्धशतकाहून अधिक काळ चालला. म्हणजे हाही एक टेकूच!

या कायद्याने भाडं गोठवलं, पण सिमेंट, सागवान आणि गवंड्याची मजुरी कोण गोठवणार? १९४७ च्या कायद्यात मालकाने घर राहण्याजोगं ठेवावं, असं स्पष्ट लिहिलं होतं. मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय होती. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये, अशी अट होती.

जरा हिशेब करून पाहा. समजा, खोलीचं भाडं महिना दहा रुपये. वर्षाचे झाले १२० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ३० रुपये. अशा चाळीस खोल्या असल्या आणि सगळे भाडेकरू एकदिलाने उभे राहिले, तरी वर्षाला १,२०० रुपये. १९५० साली या पैशात निदान कौलं चाळून झाली असती. पुढे पुढे एक तुळई बदलायलाही ते पुरेनासे झाले.

आता दुसरं पुस्तक उघडा, १८८८ चा महापालिका कायदा. त्याचं ३५४ वं कलम मुंबईच्या जुन्या घरांत पाठ असतं. इमारत धोकादायक दिसली, तर पालिका मालकाला किंवा भोगवटादाराला ती पाडण्याची, आधार देण्याची किंवा दुरुस्त करण्याची नोटीस देऊ शकते. यात पालिकेचंही चुकत नाही, माणसांचा जीव वाचवणं हे तिचं कामच आहे. पण परिणाम काय झाला? एक कायदा म्हणतो, घर ताबडतोब दुरुस्त करा. दुसरा कायदा म्हणतो, त्यासाठी भाड्यातून वर्षाला ३० रुपये घ्या. या दोन कलमांच्या मधल्या जागेत मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्या राहिल्या.

नोटीस आली की मालक म्हणे, भाड्यातून कर भरूनही हाती काही उरत नाही, मी कुठून करू? भाडेकरू म्हणे, घर तुमच्या मालकीचं, मी कशाला पैसे घालू? शिवाय बहुतेकांनी खोली घेताना पागडी मोजलेली असे. १९४७ च्या कायद्याने पागडीला बंदी होती, तरी सगळा व्यवहार तिच्यावरच चालत असे. त्या पैशाची पावती नसे, आणि तो पैसा चाळीच्या दुरुस्तीसाठी कुणी बाजूला ठेवल्याचं क्वचितच ऐकिवात येई. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. अशा वेळी सगळ्यांत स्वस्त उपाय कोणता? टेकू. नोटिशीला उत्तरही होतं आणि खर्चही बेताचा.

साठच्या दशकात घरं कोसळू लागली, तेव्हा सरकारने बेडेकर समिती नेमली. तिच्या कामातून १९६९ चा इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा आला आणि १९७१ साली मंडळ सुरू झालं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून, सरकार आणि पालिकेच्या मदतीने, दुरुस्त्या करायच्या, अशी ही योजना. उपकरपात्र इमारतींची संख्या भरली १९,६४२. त्यांपैकी १६,५०२ इमारती 'अ' वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. पाहा, तीच तारीख पुन्हा आली!

ही योजना मोलाची होती, यात शंका नाही. भाडेकरूंच्या घरांची दुरुस्ती सरकारी यंत्रणेने अंगावर घ्यावी, हे धाडसच होतं. हजारो इमारतींचं आयुष्य तिने वाढवलं. पुण्याशी तुलना केली की हे पटतं. तिथल्या वाड्यांनाही १९४७ चाच भाडेकायदा लागू होता. १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठच्या वाड्यांची दाणादाण उडवली. पण मुंबईसारखं दुरुस्ती मंडळ पुण्याच्या वाट्याला आलं नाही. वाडा खचला, तर मालक आणि भाडेकरू यांनी आपसांत काय ते पाहावं.

मात्र मंडळाच्या योजनेतही एक मेख होती. दर चौरस मीटरला किती खर्च करायचा, याला मर्यादा होती. सुरुवातीला ही मर्यादा शेकड्यांत होती, टप्प्याटप्प्याने ती हजारांत गेली. पण बाजारभाव नेहमीच तिच्या पुढे असत. खर्च मर्यादेबाहेर जात असेल, तर वरची रक्कम रहिवाशांनी भरावी, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरण्याची पाळी. दुरुस्तीपलीकडे म्हणजे पाडणं, आणि पाडणं म्हणजे संक्रमण शिबिर. चार भिंती मोकळ्या करून द्या, नवी इमारत झाली की परत या, असं सांगितलं जाई. मुंबईत कित्येक कुटुंबांनी या शिबिरांत दशकंच्या दशकं काढली. मुलं तिथे जन्मली, शाळेत गेली, त्यांची लग्नं झाली. संक्रमण हा शब्द ज्याने योजला, त्याला हे अभिप्रेत नसावं. घर रिकामं करायची नोटीस आली की रहिवासी हटून का बसतात, याचं उत्तर इथे आहे. पडक्या घरातली भीती आणि हक्काचं घर कायमचं जाण्याची भीती, या दोहोंत त्यांना निवड करावी लागते.

१९७७ साली हे मंडळ म्हाडात सामील झालं. १९८६ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट काढली. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन करता यावी. म्हणजे दहा रुपये भाड्याच्या खोलीमागे हजार रुपये! मालकांची संघटना न्यायालयात गेली. प्रश्न इतका मोठा झाला की सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींसमोर पोहोचला. प्रत्येक खाजगी मालमत्तेला समाजाची भौतिक साधनसंपत्ती म्हणता येणार नाही, असा निर्णय ५ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. देशभर गाजलेल्या या निकालाचं मूळ मुंबईच्या गळक्या चाळींत होतं, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

भाड्याबद्दलही न्यायालयाने कान उपटले होतेच. १९४० चं भाडं इतक्या वर्षांनी तसंच ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य झाली. दहा रुपयांवर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे.

दरम्यान १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने सगळं गणितच बदललं. जुनी उपकरपात्र इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला जादा चटईक्षेत्र मिळू लागलं. रहिवाशांना फुकट मोठं घर, बिल्डरला विकायला मजले. अनेकांचं यात खरोखर भलं झालं. पण दुरुस्तीचा जीव गेला. पुनर्विकास होणारच आहे, मग आता पैसे कशाला घालायचे, असं चाळीच्या सभेत बोललं जाऊ लागलं. बिल्डर येई, करार होई, वाद होत, बिल्डर जाई. त्यात दहा पावसाळे निघून जात आणि पाणी आपलं काम करत राही. २०२२ साली राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने धोकादायक इमारतीचा प्रस्ताव देण्यासाठी आधी मालकाला, मग रहिवाशांना सहा-सहा महिन्यांची मुदत ठरवून दिली. दबाव वाढला, पण पैशाचा प्रश्न तिथेच राहिला.

या वाट पाहण्याची किंमत आपण मोजली आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. तिचा परिसर पुनर्विकासाच्या योजनेत होता. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला आणि दहाहून अधिक जीव गेले. ढिगारा उपसला जात असतानाच तो भाग कुणाच्या अखत्यारीतला, याची चर्चा सुरू होती.

मग ज्यांच्या हाती पैसा थोडा आहे आणि नोटीस दारावर चिकटली आहे, त्यांनी या इतिहासातून काय घ्यावं? एक म्हणजे कामाचा क्रम. आधी पाणी थांबवा: छप्पर, पन्हाळी, नळ, मोऱ्या. पिंपळ मुळासकट काढा. मग जाणकार अभियंत्याकडून तुळयांची टोकं तपासून घ्या आणि कुजलेला भाग बदला. गिलावा आणि रंग अगदी शेवटी. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला की ती छान दिसते, पण आतली ओल आतच कोंडते. रंग आधी लावला, तर नोटीस देणारा अधिकारीही फसतो आणि आपणही फसतो.

दुसरी गोष्ट पैशाची. आजही शहरात सुमारे तेरा हजार उपकरपात्र इमारती उभ्या आहेत. त्या सगळ्यांचा पुनर्विकास एका रात्रीत होणार नाही. तोवर तिथे माणसं राहणार आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर पाऊस पडणार आहे. महिन्याला थोडी थोडी वर्गणी काढून चाळीचा दुरुस्ती निधी उभा करणं, त्याचा हिशेब जिन्यापाशी फळ्यावर लिहिणं, मालकालाही त्यात ओढणं, हे कायद्याची वाट न पाहता करता येतं. आणि सरकारने धोक्याची नोटीस काढताना तिच्यासोबत दोन गोष्टी लिहून द्याव्यात: दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, आणि घर रिकामं केलं तर परत कधी येता येणार. हे कागदावर आलं, तर लोक टेकूवर विसंबणार नाहीत. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.