सारसाच्या छातीतली तुतारी

सुरुवातीला जो आवाज ऐकलात ना, तो मी गेल्या जूनमध्ये मामाच्या गावी मोबाईलवर रेकॉर्ड केलाय. गोंदिया जिल्हा, वैनगंगेकाठचं गाव, पहाटेचे साडेपाच. मला वाटलं पक्षी बोडीपलीकडच्या बांधीतच आहे. मामा म्हणाला, "थे इथं नाही बाप्पा, थे त पार नदीकडं हाये." गाडी काढून गेलो. दीड किलोमीटर! तिथे सारसांची जोडी उभी होती, मान वर करून. दिवसभर मीटिंगमध्ये "माझा आवाज येतोय का?" विचारणाऱ्या माणसाला हे जरा लागलंच.

तर आजचा इतिहास त्या आवाजाच्या नळीचा.

माणसाची श्वासनलिका असते दहा-बारा सेंटीमीटरची. आपला आवाज तिच्या वरच्या टोकाला, स्वरयंत्रात तयार होतो. पक्ष्यांचं उलटं. त्यांचं आवाजाचं यंत्र नळीच्या खालच्या टोकाला, जिथे ती दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे. म्हणजे अख्खी नळी आवाजाच्या वाटेत येते, तुतारीसारखी. आता कोंबडीच्या छातीतलं ते उभं, पातळ हाड आठवा. सारसात हे हाड आतून पोकळ असतं आणि श्वासनलिका मानेतून उतरून सरळ फुप्फुसात न जाता आधी त्या हाडात शिरते, वेटोळं घालते, मग बाहेर येते. सारसाचा नातेवाईक असलेल्या अमेरिकेतल्या हूपिंग क्रेनची नळी सुमारे पाच फूट भरते! लांब नळीमुळे आवाज जड होतो, आणि हाडही त्याच्यासोबत थरथरतं. आफ्रिकेतल्या तुरेवाल्या क्रौंचांत हे वेटोळं नाही, त्यांचा आवाजही वेगळाच.

पिल्लू मात्र सरळ नळी घेऊनच जन्मतं. म्हणून ते नुसतं पी-पी करतं. वाढता वाढता नळी हाडात शिरते आणि आवाज फुटतो. आपल्याकडे दहावीच्या आसपास मुलांचं जे होतं, तसंच थोडंफार.

हे पहिल्यांदा बघितलं कुणी? तेराव्या शतकात युरोपात सम्राट दुसरा फ्रेडरिक होता, ससाण्यांच्या शिकारीचा नादी. त्याचे ससाणे क्रौंच पाडायचे. त्याने पक्ष्यांवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि क्रौंचाची नळी छातीच्या हाडात शिरते हे त्यात नोंदवलं. आपल्याकडे जहांगीर. त्याने सारसांची जोडी पाळली होती, नावं लैला आणि मजनू. त्यांचं मीलन, अंड्यांवर बसणं, सगळं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. याच माणसाने एकदा शेराचं शौर्य कुठून येतं म्हणून त्याचं पोट फाडून पाहिलं. पित्ताशय यकृताच्या आत दिसलं, आणि शौर्य बहुधा यामुळेच असेल असा अंदाज त्याने बांधला. अंदाज चुकला. पण अवयव उघडून कारण शोधायची ती सवय मला आवडते.

आता घरी येऊ. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्या गोंदियात, धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलावांच्या आधाराने. नदीपलीकडे बालाघाटात आणखी थोडे. अलीकडच्या मोजण्यांमध्ये जिल्ह्याचा आकडा पन्नासच्याही आत राहिलाय. दर उन्हाळ्याच्या शेवटी कार्यकर्ते आणि शेतकरी पहाटे अंधारात बांधावर जाऊन बसतात, तेव्हा पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. साधारणपणे नराच्या एका सुरावर मादीचे दोन. म्हणजे जोडी आहे हे कानानेच कळतं.

आणि मारतं काय? शेतातली कीटकनाशकं, आणि बांध्यांवरून गेलेल्या विजेच्या तारा. एवढा उंच, एवढ्या पंखांचा पक्षी उडताना तारेला लागतो. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बातम्या वाचून स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, त्यात या तारांचाही प्रश्न आला. एकेकाळी राजे कुतूहलापोटी पक्षी उघडायचे. आता सारस उघडला जातो तो शवविच्छेदनाच्या टेबलावर.

माझं रेकॉर्डिंग चार मिनिटांचं आहे. जोडी तीनदा ओरडते. सारस ओरडला की शेजारची जोडी उत्तर देते, म्हणून मी मोबाईल तसाच धरून थांबलो होतो. मामा म्हणतो, आधी बोडीकडून उत्तर यायचं. रेकॉर्डिंगमध्ये पुढे फक्त बेडूक आहेत आणि लांबून जाणारा ट्रॅक्टर.