इन्व्हर्टरचे वीजमानकांनुसार अनुकूलन

इन्व्हर्टरचे वीजमानकांनुसार अनुकूलन म्हणजे एका देशाच्या वीजपुरवठ्यासाठी तयार झालेला इन्व्हर्टर दुसऱ्या देशातील विद्युत दाब, वारंवारता आणि जोडणीचे नियम यांच्याशी जुळवून घेण्याची प्रक्रिया होय. इन्व्हर्टर बॅटरीतील किंवा सौर पॅनेलमधील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ, तर अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झ असतो.

वऱ्हाडातील संदर्भ

अकोला व अमरावती जिल्ह्यांत भारनियमनाच्या काळात रुळलेले बॅटरीवरील इन्व्हर्टर प्रामुख्याने भारतीय पुरवठ्यासाठीच बनवलेले होते, त्यामुळे अनुकूलनाचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. छतावरील सौर संयंत्रांमुळे तो उद्भवला, कारण असा इन्व्हर्टर थेट महावितरणच्या वाहिनीला जोडलेला असतो. अकोला जिल्ह्यातील पारस औष्णिक विद्युत केंद्राची जनित्रे मिनिटाला ३००० फेरे घेऊन ५० हर्ट्‌झची वीज देतात. अमरावतीतील घराच्या गच्चीवरील इन्व्हर्टरला त्याच तालावर चालावे लागते.

दाब आणि वारंवारता

२३० व्होल्टच्या पुरवठ्यात दाबाचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टवर, तर १२० व्होल्टच्या पुरवठ्यात १७० व्होल्टवर असते. त्यामुळे अमेरिकी इन्व्हर्टरची केवळ मांडणी बदलून भारतीय दाब मिळत नाही. आतील रोहित्र, धारित्रे व स्विच करणारे घटक जास्त दाबाचे लागतात. वारंवारता बदलणे त्या मानाने सोपे आहे. ती नियंत्रक ठरवतो आणि अनेक यंत्रांत ५० किंवा ६० हर्ट्‌झ निवडण्याची सोय असते.

ही निवड चुकल्यास उपकरणांना धोका संभवतो. ५० हर्ट्‌झचा पाणबुडी पंप ६० हर्ट्‌झवर चालवल्यास त्याचा वेग २० टक्क्यांनी वाढतो, परंतु शक्तीची गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते आणि मोटर जळू शकते. उलट, २४० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचे रोहित्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवर लावल्यास त्यातील चुंबकीय अभिवाह १५ टक्क्यांनी वाढून ते तापते. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांसारख्या ठिकाणी सौर पंप वापरल्यास त्याचा कंट्रोलर कोवळ्या उन्हात दाब आणि वारंवारता दोन्ही एकत्र उतरवून मोटर सुरक्षित ठेवतो.

वाहिनीशी जोडणी

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार दाब मूळ मूल्याच्या ८० ते ११० टक्के या मर्यादेबाहेर गेल्यास इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत, तर वारंवारता ४७.५ ते ५०.५ हर्ट्‌झबाहेर गेल्यास ०.२ सेकंदात वाहिनीपासून अलग झाले पाहिजे. २३० व्होल्टसाठी दाबाची ही कक्षा १८४ ते २५३ व्होल्ट होते. पुरवठा खंडित झाल्यावर इन्व्हर्टरने आपणहून थांबण्याच्या चाचणीसाठी आयएस १६१६९, तर यंत्राच्या सुरक्षिततेसाठी आयएस १६२२१ हे मानक आहे. २०१७ च्या केंद्रीय आदेशाने सौर इन्व्हर्टरसाठी नोंदणी सक्तीची केली.

६० हर्ट्‌झसाठी मांडलेला इन्व्हर्टर भारतीय वाहिनीला जोडलाच जात नाही, म्हणून ती चूक तत्काळ उघड होते. ५० हर्ट्‌झच्याच दुसऱ्या देशाची मांडणी अधिक फसवी असते: यंत्र सुरळीत चालते, पण त्याच्या मर्यादा वेगळ्या राहतात. लांबलचक ग्रामीण वाहिनीच्या टोकाला दुपारी सौर वीज वाढून दाब २५३ व्होल्टच्या पुढे गेला, की इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो. अशा वेळी रुंद मर्यादेच्या देशाची मांडणी निवडून काम भागवणे धोक्याचे आहे. रोहित्राचा टॅप बदलणे, जाड तार टाकणे किंवा तिन्ही फेजवर भार सारखा वाटणे हे त्यावरील योग्य उपाय होत. मर्यादा सैल केल्यास शेजारच्या घरांतील उपकरणांवर अतिदाब येतो. संरक्षणच निष्क्रिय झाले, तर वाहिनी बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू शकतो.

उष्णता

मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अनेक इन्व्हर्टर साधारण एवढ्याच तापमानापासून आपले उत्पादन आपोआप घटवू लागतात. थंड प्रदेशासाठी बनवलेले यंत्र वऱ्हाडात पत्र्याच्या खोलीत बसवल्यास कागदोपत्री क्षमतेइतकी वीज मिळत नाही. त्यासाठी सावली व खेळती हवा आवश्यक असते.