यवन, युनान आणि अलिफ-बे

मराठी बखरींत 'यवन' म्हणजे मुसलमान. इतिहास वाचताना हा शब्द आला की आपली मुले थबकतात, हे आपल्याबद्दल आहे का असे विचारतात. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे, आम्हालाही या प्रश्नाचे उत्तर जरा दुरून द्यावे लागते. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा मुलूख होता आणि तेथे ग्रीकांची वस्ती होती. जुने इराणी त्यांना 'यौना' म्हणत. तौरातमध्ये हजरत नूह यांचा मुलगा याफस आणि त्याचा मुलगा 'यावान' असा उल्लेख आहे. अरबी-फारसीत तेच 'युनान' झाले आणि संस्कृतात 'यवन'. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे काही दाते स्वतःला यवन म्हणवतात. इस्लामच्या कितीतरी शतके आधी हा शब्द आपल्या मावळात दगडावर कोरला गेला होता!

युनान हे नाव आपल्या घरात परके नाही. हकीमसाहेबांची दवा युनानी, शहाणपणा सांगायचा तर अफलातून आणि अरस्तू, स्वारीची गोष्ट निघाली की सिकंदर. पण हा सारा युनान उशिराचा आहे, आणि तोही बगदादमार्गे आलेला. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक (मृत्यू इ.स. ८७३) आणि त्याच्या साथीदारांनी जालीनूसची वैद्यकी अरबीत आणली, इतरांनी गणित आणि फलसफा आणला. कविता, नाटक आणि देवकथा मात्र मागेच राहिल्या. त्याची किंमतही मोजावी लागली. बाराव्या शतकात इब्न रुश्दसारख्या पंडिताने अरस्तूच्या काव्यशास्त्रावर लिहिले, तेव्हा ग्रीक नाटक त्याच्यासमोर नव्हतेच. त्याच्या हाती आलेल्या अरबी भाषांतरात शोकांतिकेला 'मदह' आणि सुखांतिकेला 'हज्व' असे शब्द होते. त्यानेही तेच धरले आणि उदाहरणे अरबी शायरीतून दिली.

जो युनान बगदादला पोहोचला नाही तो कसा होता?

त्याच्या आधी क्रीट बेट येते. इ.स. १९०० मध्ये आर्थर इव्हान्सने नोसॉस येथे उत्खनन सुरू केले आणि मोठा राजवाडा उजेडात आला. भिंतींवर रंगीत चित्रे होती. एका चित्रात धावत्या बैलाच्या पाठीवरून एक तरुण कोलांटी मारतो आहे. या लोकांची लिपी अजून वाचता आलेली नाही. नंतर मुख्य भूमीवर मायसीनीचे राजे आले. त्यांच्या तटबंदीचे दगड इतके प्रचंड की पुढच्या ग्रीकांना वाटे, या भिंती एकडोळ्या राक्षसांनी रचल्या असाव्यात. या राजांच्या कारकुनांची लिपी मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण वास्तुविशारदाने १९५२ मध्ये उलगडली. लोकांना वीरकाव्य सापडेल अशी आशा होती. निघाल्या मेंढ्या, लोकर, तेल आणि शिधा यांच्या याद्या! पण त्याच याद्यांत झ्यूस, हेरा, पोसायडन ही देवांची नावेही आहेत. इ.स.पू. १२०० च्या सुमारास हे राजवाडे जळाले. त्या आगीत मातीच्या पाट्या भाजून निघाल्या, म्हणून टिकल्या.

त्यानंतर सुमारे चारशे वर्षे ग्रीक मुलखात लेखन जवळजवळ नाही. पुन्हा लिपी आली ती फिनिशियन व्यापाऱ्यांकडून, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून. हे स्वतः ग्रीकच सांगतात. हिरोडोटसने लिहिले आहे की ही अक्षरे कॅडमस आणि त्याच्या सोबतच्या फिनिशियनांनी आणली. आता वर्गात 'अबजद' म्हणून पाहा: अलिफ, बे, जीम, दाल. ग्रीकांचे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. 'कलमन' म्हणा: काफ, लाम, मीम, नून. त्यांचे कप्पा, लॅम्डा, म्यू, न्यू. आपल्याकडे काफचे वीस, लामचे तीस, मीमचे चाळीस, नूनचे पन्नास. पुढे ग्रीकांनी अक्षरांनी आकडे लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांचेही तेच. दोन्ही लिप्या एकाच खोडाच्या फांद्या आहेत.

मात्र ग्रीकांनी एक मोठे काम केले. आपल्याकडे जेर, जबर, पेश लिहिले नाहीत तरी सरावाने वाचता येते. ग्रीकांनी आपल्या भाषेत न लागणारी अक्षरे स्वरांसाठी वापरली. अलिफचा 'आ' झाला, ऐनचा 'ओ'. सुरुवातीला ते बऱ्याचदा उजवीकडून डावीकडेच लिहीत. इटलीजवळच्या इस्किया बेटावर सापडलेल्या इ.स.पू. आठव्या शतकातील एका प्याल्यावर तीन ओळी कोरल्या आहेत, त्या उर्दूसारख्याच उजवीकडून. पुढे एक ओळ उजवीकडे, दुसरी डावीकडे अशी पद्धतही निघाली. तिला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ आहे, नांगराचा बैल वळतो तशी. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावावे लागत नाही.

कलेतही असेच दिसते. अथेन्सच्या संग्रहालयात दीड मीटरहून उंच एक मातीचे भांडे आहे, इ.स.पू. ७५० च्या आसपासचे. एका बाईच्या कबरीवर ते उभे होते. सगळ्या अंगावर नागमोडी पट्ट्या आणि मध्ये मय्यतीचा देखावा: तिरडीवर देह, भोवती डोक्यावर हात घेतलेल्या बायका, त्रिकोणी छातीच्या, काडीसारख्या. चेहरे नाहीत, तरी आक्रोश ऐकू येतो. शंभर-दीडशे वर्षांनी संगमरवरी तरुणांचे पुतळे आले. डावा पाय पुढे, मुठी आवळलेल्या, ही उभे राहण्याची ढब सरळ मिसरची. ग्रीकांनी फक्त कपडे काढले आणि पाठीचा दगडी आधारही.

देवकथांबद्दल आमच्यातलेच काही जण म्हणतात, बुतांच्या गोष्टी मुलांना कशाला? शंका प्रामाणिक आहे, पण आम्हाला ती पटत नाही. आपण शाहनाम्यातला जहाक आणि सीमुर्ग वाचतोच, त्याने कोणाच्या ईमानला धक्का लागला नाही. कथा वाचल्या तर तिथेही पूर्वेची वाट सापडते. हेसिअडने सांगितले आहे की आकाशदेवाला क्रोनसने हटवले आणि क्रोनसला झ्यूसने. हीच तख्तपालट तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती पाट्यांवर कुमार्बीच्या नावाने आहे, हेसिअडच्या कितीतरी आधीची.

आणि या देवांना पहिला कडक सवाल ग्रीकांमधूनच झाला. आयोनियातला कवी झेनोफेनीस, इ.स.पू. सहाव्या शतकातला. होमर आणि हेसिअड यांनी चोरी, व्यभिचार, फसवणूक देवांच्या माथी मारली, असा त्याचा आरोप. हबशींचे देव काळे, थ्रेसवाल्यांचे निळ्या डोळ्यांचे. बैलांना हात असते तर त्यांनी देव बैलासारखे काढले असते, असे तो म्हणे. त्याचा सर्वांत थोर देव एक आहे, माणसासारखा मुळीच नाही. ही आपली तौहीद नव्हे, कारण इतर देवांचे नावही तो घेतो. पण त्याचा सवाल समजायला आधी होमर वाचलेला हवा.

होमर अरबीत शेवटी आला तो १९०४ मध्ये. सुलेमान अल-बुस्तानी यांनी संपूर्ण 'इलियड' अरबी पद्यात उतरवले आणि ते काहिरात छापले गेले. बुस्तानी लेबनॉनचे, ज्या किनाऱ्यावरून अलिफ-बे जहाजात बसून युनानला गेले होते तिथले.